८ कॉलमवर एकदम एन्झाइम इनहिबिटर स्क्रीनिंग: प्लेट कशी लावायची

एन्झाइमचं काम अडवणारी कंपाउंड (इनहिबिटर) शोधायला ३८४ वेलची, म्हणजे छोट्या खळग्यांची, प्लेट साध्या एचपीएलसीवर (मिश्रण कॉलम नावाच्या भरीव नळीतून ढकलून घटक वेगळे करणारं मशीन) टाकली, इंजेक्शनला ३ मिनिटं धरली तरी १९ तास जातात, म्हणजे शेवटची कर्जत लोकल गेली तरी मशीन चालूच. तेच ८ कॉलम एकदम चालवले तर अडीच तासांच्या आत काम होतं. पण खरी मेख अशी की ८ कॉलम कधीच सारखे वागत नाहीत, ८ वेगळी मशीन्स आहेत असं समजूनच चालायचं.

कायनेजचं, म्हणजे एटीपीवरचा फॉस्फेट दुसऱ्या रेणूवर चढवणाऱ्या एन्झाइमचं, उदाहरण घेऊ. फ्लुरोसंट टॅगवाला पेप्टाइड सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो) घ्या. फॉस्फेट लागलेला प्रॉडक्ट सी-१८ कॉलमवर (तेलकट रेणू जास्त धरून ठेवणारा) सहसा आधी निघतो, सबस्ट्रेट मागून. टॅग दोघांवर एकच, म्हणून प्रॉडक्टच्या पीकचा एरिया भागिले दोघांची बेरीज, झालं कन्व्हर्जन (किती सबस्ट्रेट बदलला ते), इंजेक्शन थोडं कमी-जास्त झालं तरी आकडा हलत नाही. स्वतःच चमकणारं कंपाउंड प्लेट रीडरवर घोळ घालतं, इथे त्याचा पीक बहुतेकदा वेगळा पडतो. बहुतेकदाच हं, कधी सबस्ट्रेटच्या डोक्यावरच येऊन बसतो, म्हणून नुसती एक्सेल नको, क्रोमॅटोग्राम (पीकचा आलेख) डोळ्यांनी बघा.

रिअ‍ॅक्शनमध्ये एटीपी केएमच्या (ज्या मात्रेला एन्झाइम निम्म्या वेगाने चालतं ती) आसपास ठेवा, जास्त टाकलं तर एटीपीच्या जागी बसणारे इनहिबिटर कमजोर दिसतात. कन्व्हर्जन १०-१५ टक्क्यांवर थांबवा. डीएमएसओ (कंपाउंड विरघळवायचा सॉल्व्हंट) सगळीकडे सारखा, १ टक्का खूप झाला. ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० (डिटर्जंट) घाला, नाहीतर कंपाउंडचे गोळे होऊन एन्झाइम त्यांनाच चिकटतं आणि खोटे हिट (इनहिबिटर वाटणारी कंपाउंड) मिळतात. थांबवायला ईडीटीए, ते कायनेजला लागणारं मॅग्नेशियम ओढून घेतं. अ‍ॅसिडनेही थांबतं पण प्रोटीन खाली बसून कॉलम चोक व्हायची भीती.

आता प्लेट. आडव्या रांगा १६, म्हणजे प्रत्येक कॉलमला दोन, ए-बी पहिल्याला, सी-डी दुसऱ्याला असं. पहिली आणि २४वी उभी रांग नुसत्या डीएमएसओची, म्हणजे फुल, दुसरी आणि २३वी ईडीटीए आधीच घातलेली, म्हणजे शून्य. असं केलं की प्रत्येक कॉलमला स्वतःचे ४ फुल आणि ४ शून्य कंट्रोल मिळतात, शिवाय सुरुवातीला आणि शेवटीही, त्यामुळे ड्रिफ्ट (आकडे हळूहळू सरकणं) लगेच कळतो. कंपाउंडला ३२० वेल उरतात. टक्केवारी त्या-त्या कॉलमच्याच कंट्रोलवर काढायची, अख्ख्या प्लेटच्या सरासरीवर अजिबात नाही. झेड-प्राइमही (फुल आणि शून्य किती स्पष्ट वेगळे पडतात त्याचा आकडा) कॉलमवार, दोन-चार प्लेटचे कंट्रोल एकत्र करून, ०.५ च्या खाली गेला तर तो कॉलम बाजूला.

एकाच पंपातून फ्लो ८ ठिकाणी वाटला जात असेल तर एक कॉलम तुंबला की त्याचे पीक उशिरा आणि बाकीच्यांचे लवकर येतात, एकूण प्रेशर बघून ते नीट कळत नाही, रिटेन्शन टाइम (पीक बाहेर यायला लागणारा वेळ) बघा.

जून ते सप्टेंबर डीएमएसओ स्टॉक जपा बाबांनो, मुंबईच्या हवेत तो पाणी नुसता पितो. फ्रीजरमधून काढलेली प्लेट रूम टेंपरेचरला आल्याशिवाय सील उघडू नका, छोटे वाटे म्हणजे अ‍ॅलिकॉट करा.

१० मायक्रोमोलरला एन्झाइम ५० टक्क्यांहून जास्त अडवणारे हिट पुन्हा करायचे, पण मुद्दाम दुसऱ्या कॉलमवर, तिथे गायब झाला तर समजा गडबड कॉलमचीच होती. जे टिकतील त्यांचं आयसी-५० (एन्झाइम निम्मं अडवणारी मात्रा) काढा, एका कंपाउंडची सगळी कॉन्सन्ट्रेशन्स एकाच कॉलमवर, आणि प्रत्येक कॉलमवर सोबतीला स्टॉरोस्पोरिन (बरीच कायनेज अडवणारं ओळखीचं कंपाउंड), तुमच्या कायनेजवर चालत असेल तर.