कंटेनरची फिरती प्रयोगशाळा करताय? या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेत माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. जुने मालवाहू कंटेनर आणायचे आणि त्यात माती-पाणी तपासणीची फिरती प्रयोगशाळा उभी करून द्यायची, हे काम मी काही वर्षं करतोय. निपाणी-चिकोडीच्या ऊसपट्ट्यातून, अथणी-कागवाडकडून, खानापुरातून माणसं येतात. काही जण काम माझ्याकडे देतात, काही जण गावातल्या वेल्डरला धरून स्वतः सुरू करतात आणि अडकले की फोन करतात. फोन कुठूनही आला तरी तक्रारी त्याच असतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

कंटेनरमध्ये दुकान किंवा ऑफिस केलं आणि काही चुकलं तर गैरसोय होते, तेवढंच. प्रयोगशाळेत चुकलं की आकडा चुकतो. मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा घटक असतात आणि त्यातला पालाशचा एक आकडा बघून शेतकरी पोती उचलतो. आपण पत्र्यात काय केलं, हे त्याला कधीच कळत नाही. म्हणून या कामात घाई करणाऱ्यांचा मला राग येतो. एप्रिल 2020 मध्ये कोरोनाच्या धामधुमीत डीआरडीओनं हैदराबादेत फिरती विषाणू प्रयोगशाळा पंधरा दिवसांत उभी केली, त्याचा दाखला मला अजून देतात. एरवी याच कामाला सहा महिने लागले असते, असंही त्याच वेळी सांगितलं गेलं होतं. तेवढं मात्र कुणाच्या लक्षात नसतं.

आधी भिंत कापायची, चौकट नंतर

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

वीस फुटी कंटेनर बाहेरून 6.058 मीटर लांब, 2.438 मीटर रुंद आणि 2.591 मीटर उंच असतो. रिकाम्याचं वजन सव्वादोन टनांच्या आसपास. दारावर सीएससीची पाटी असते, 1972 च्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा कराराची. त्या पाटीवर बहुतेक वेळा रचाईचं, म्हणजे वर रचलेल्या कंटेनरांचं पेलता येणारं वजन 192000 किलो लिहिलेलं दिसतं. ते वाचून माणूस धीट होतो. एवढं वजन पेलणाऱ्या पेटीला एक खिडकी पाडली तर काय होतंय, असं त्याला वाटतं. पण ते वजन चार कोपऱ्यांच्या खांबांवर येतं. बाजूचा नागमोडी पत्रा जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा. वरची आणि खालची रेल, म्हणजे कडेच्या लांब आडव्या पट्ट्या, एकमेकींना धरून ठेवायचं काम तो करतो. पत्रा कापला की दोन्ही रेल सुट्या पडतात.

रायबागकडच्या एका तरुणानं एका दिवसात गॅस कटरनं आठ फुटांचं ओपनिंग आणि दोन खिडक्या पाडल्या, तिन्ही एकाच बाजूला. चौकटीचे पाइप आणून ठेवले होते, पण दुसऱ्या दिवशी हायड्रा, म्हणजे उचलायची फिरती क्रेन, येणार होती. कंटेनर जाग्यावर ठेवून मग निवांत चौकट मारू, असं त्यानं ठरवलं. हायड्रानं चार कोपऱ्यांतून साखळ्या लावून उचलला तेव्हा खालची रेल मधोमध खाली आली आणि वरची आत दबली. ओपनिंगच्या कोपऱ्यापासून पत्रा टरकला. खाली ठेवल्यावर दारं लागेनात. मी गेलो तेव्हा छताला पोट आलं होतं आणि त्यात पाणी साचलं होतं. त्या पाण्यात एक चिमणी आंघोळ करत होती, अजून डोळ्यांसमोर आहे. पोरगा शेजारी उभा होता. म्हणाला, "काय करायचं ओ आता?" आम्ही जॅक लावले, रेल तापवून ओढली, अकरा दिवस झटलो. दारं लागायला लागली, पण छताचं पोट पूर्ण गेलं नाही. त्या पैशात दुसरा कंटेनर आला असता.

माझी पद्धत अशी. खडूनं आखायचं. आखणीच्या रेषेबाहेर, कंटेनरच्या आतल्या अंगाला 50 बाय 50 मिलिमीटरचा बॉक्स पाइप पूर्ण चौकोनात बसवायचा. तो वरच्या आणि खालच्या रेलपर्यंत उभा न्यायचा आणि वेल्ड करायचा. मगच कापायचं, तेही ग्राइंडरनं. गॅस कटरच्या उष्णतेनं पातळ पत्रा वेडावाकडा होतो आणि मग खिडकीचं रबर कधीच नीट बसत नाही. वेल्ड मारताना एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ जायचं नाही. इथे चार बोटं, तिथे चार बोटं. एका दिवशी एकच ओपनिंग, हा माझ्या शेडचा नियम आहे आणि तो मी कुणाच्या सांगण्यावरून मोडत नाही. वेल्डच्या जागेवरचा जुना रंग आधी हातभर खरवडून काढा. जहाजी रंगाचा धूर विषारी असतो, आमचा एक वेल्डर त्या धुरानं दोन दिवस पडून होता.

"दादा, गळतंय"

ही चूक माझी स्वतःची आहे.

सुरुवातीच्या कामांपैकी एक प्रयोगशाळा जांबोटीकडे गेली. भिंतीला अँगलची चौकट, मध्ये रॉकवूल (उष्णता अडवणारा दगडी तंतूंचा कापूस), वरून प्लाय आणि सनमायका. मे महिन्यात दिली तेव्हा आत बसलं की बाहेरचं ऊन कळत नव्हतं. जुलैत फोन आला, गळतंय. मी गेलो, छताचे जोड तपासले, सिलिकॉन मारला. आठ दिवसांनी परत फोन. छतावर ताडपत्री बांधली. तरी पाणी येतच राहिलं.

ताडपत्रीखाली गळतंय म्हणजे ते पावसाचं पाणी नव्हे, हे मला तेव्हा उमगायला हवं होतं. त्याला आणखी एक फेरी लागली. स्विचबोर्डाचं झाकण उघडलं तर प्रत्येक स्क्रूच्या टोकाला एकेक थेंब लोंबत होता. मग प्लाय काढला. रॉकवूल पोतेऱ्यासारखं भिजून तळाला बसलं होतं. भिंतीचा वरचा अर्धा भाग उघडा पडला होता आणि पत्र्यावरून गंजाचे ओघळ आले होते.

झालं असं होतं. हवा 26 अंशांची आणि आर्द्रता 90 टक्के असेल, तर दवबिंदू 24 अंशांच्या थोडासाच वर असतो. म्हणजे पत्रा हवेपेक्षा दोन अंशांनी गार झाला की त्याला पाणी सुटतं. खानापूर-कणकुंबीच्या पावसात रात्री पत्रा गार होणारच. त्यात प्रयोगशाळेत हॉटप्लेट चालते, पाणी उकळतं, ऊर्ध्वपातन चालतं. ती वाफ प्लायच्या फटीतून मागे जाते आणि गार पत्र्याला भिडते.

तेव्हापासून मी पत्र्यावर थेट फवारून बसणारा पीयूएफ, म्हणजे पॉलियुरेथेन फोमच करतो. भिंतीला 50 मिलिमीटर, छताला 75. पत्रा आणि फोम यांच्यात बोटभरही पोकळी नको. पत्र्याला वेल्ड केलेला अँगल उघडा सोडला तर तोही घामेजतो, म्हणून त्याच्यावरूनही फोम घेतो आणि आतल्या बोर्डासाठी लाकडी पट्टी मध्ये घालतो. थर्माकोलचे तुकडे चिकटवून पैसे वाचवणारे भेटतात. त्यांना मी स्पष्ट नाही म्हणतो. मागे पोकळी राहतेच, शिवाय थर्माकोल पेट घेतो आणि वितळून थेंब-थेंब खाली पडतो. खाली ॲसिडच्या बाटल्या असतात.

तुमच्याकडे आत्ता गळत असेल तर सिलिकॉनची नळी हातात घेऊ नका. दोन रात्री ताडपत्री टाका. थांबलं तर छत बघा. नाही थांबलं तर भिंत उघडा.

हवा बाहेर ढकलायची, आत घ्यायची विसरायचं

फ्यूम हूड, म्हणजे ॲसिडचा धूर ओढून बाहेर टाकणारं कपाट, बसवला की काम झालं, असं समजतात. चार फुटी हूडच्या तोंडाशी सेकंदाला अर्धा मीटर वेगानं हवा ओढली, तर तासाला साडेनऊशे घनमीटरच्या वर हवा बाहेर जाते. कंटेनरच्या आत असते जेमतेम 33 घनमीटर. म्हणजे दर दोन मिनिटांनी आतली सगळी हवा संपते. फोमनं सगळ्या फटी बंद केलेल्या. मग हूड ओढणार काय? ॲसिडचा धूर हूडमध्येच घुटमळतो आणि बाहेर उघडणारं दार जोर लावल्याशिवाय हलत नाही.

निपाणीजवळच्या एका ठिकाणी पालाशचे आकडे उड्या मारत होते. एकच नमुना, सकाळी एक आकडा, दुपारी दुसरा. तपासनीस मुलगी रोज प्रमाण द्रावण नव्यानं करायची. उपकरणवाले येऊन गेले, त्यांना दोष सापडला नाही. मी शेजारी स्टूल टाकून बसलो आणि फ्लेम फोटोमीटरच्या, म्हणजे ज्योतीच्या रंगावरून पालाश मोजणाऱ्या उपकरणाच्या, खिडकीतून ज्योत बघत राहिलो. कुणी दार उघडलं की ज्योत वाकायची. हूड चालू केला की थरथरायची. हवा आत यायला दुसरी वाट नव्हती, म्हणून ती दाराच्या फटीतून झोत होऊन येत होती आणि उपकरण बरोबर त्या झोतात ठेवलेलं. समोरच्या भिंतीत वरच्या बाजूला गाळणीची जाळी लावून हवेची वाट केली, उपकरण तीन फूट सरकवलं. आकडे स्थिर झाले. ती मुलगी सहा आठवडे स्वतःलाच दोष देत होती.

काळं रान आणि न लागणारं दार

अथणी-गोकाककडच्या काळ्या जमिनीत पावसानंतर दार अडकलं की माणसं हातोडा घेऊन बिजागरीवर बसतात. बिजागरीचा काही दोष नसतो. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते, एक कोपरा खचतो आणि पेटी पिळली जाते. पाण्याच्या नळीनं चारही कोपरे मापा, खचलेला कोपरा जॅकनं उचला, खाली लोखंडी प्लेट घाला. दार बोटानं लागेल. कंटेनर कायम चार कोपऱ्यांच्या ठोकळ्यांवर टेकवा, मधल्या पोटावर नाही. खाली रेल्वेचे जुने स्लीपर मला सगळ्यात बरे वाटतात.

आणखी काही, थोडक्यात

मूळ तळाला 28 मिलिमीटरचा प्लाय असतो आणि त्यात किडीविरुद्धचं औषध जिरवलेलं असतं. कुठलं, ते पाटीवर लाकडाच्या ओळीत बघा. मातीच्या तपासणीला इपॉक्सीचे दोन हात चालतील. द्राक्षं-बेदाण्यातले कीटकनाशकांचे अंश तपासायचे असतील तर तो प्लाय उखडून टाका. इथे काटकसर नको.

फ्लेम फोटोमीटरचा गॅस सिलिंडर आत ठेवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की तळाशी साठतो. सिलिंडर बाहेर जाळीत, आणि तळाजवळ दोन समोरासमोरच्या भिंतींत झरोके. झरोक्यातून उंदीर येतात म्हणून ते बुजवणारे मी पाहिलेत. जाळी मारा, बुजवू नका.

पेटी लोखंडाची आहे, एक वायर सोलली की सगळी पेटी जिवंत. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच, हवाच. अर्थिंगचे दोन रॉड सोबत ठेवा. काळ्या रानात अर्थिंग चांगलं मिळतं, खानापूरच्या जांभ्यात रॉड धड आत जात नाही आणि ओलही धरत नाही, तिथे वेळ राखून जा.

तराजू मधोमध ठेवू नका. कुणी चाललं तरी तळ लवतो आणि शेवटचा आकडा पळतो. कोपऱ्यात, खालच्या आडव्या चॅनेलच्या बरोबर वर ठेवा, आणि एसीच्या झोतापासून दूर.

हायक्यूब कंटेनर 2.896 मीटर उंच असतो. ट्रेलरवर चढवला की चार मीटरच्या वर जातो. गावातल्या विजेच्या तारा आणि रेल्वेखालचे बोगदे आधी मापून या.

आणि सिंकची नळी. सेंद्रिय कर्बाच्या तपासणीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक ॲसिड वापरतात. त्यातला क्रोमियम विषारी. तरी सिंकची नळी खालून सरळ जमिनीत सोडलेली मी तीन ठिकाणी पाहिली, त्यातलं एक ठिकाण विहिरीपासून वीस पावलांवर होतं. ज्याच्या मातीचं आरोग्य बघायला गेलो त्याच्याच मातीत हे ओतायचं? माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक कंटेनरमध्ये सिंकखाली ॲसिड सोसणारा बंद कॅन असतो. बाहेर जाणाऱ्या नळीसाठी मी भोकच पाडत नाही.

सोडायच्या आदली रात्र

गिऱ्हाईक ट्रेलर घेऊन दारात उभं असलं तरी मी एक रात्र मागून घेतो. संध्याकाळी छतावर पाइपनं तासभर पाणी सोडायचं. आत एसी आणि हॉटप्लेटवर पाण्याचं पातेलं, दोन्ही चालू. रात्री एसी बंद करायचा. सकाळी सात वाजता बॅटरी घेऊन आत जायचं, सगळ्या स्विचबोर्डांची झाकणं उघडायची आणि स्क्रूंवर बोट फिरवायचं. मग तपासणाऱ्या माणसाला बसवून एकाच नमुन्याची दहा वाचनं घ्यायची: पाच दार लावून, पाच हूड चालू ठेवून दार उघडझाप करत. दोन्हीकडचे आकडे जुळले आणि बोट कोरडं राहिलं, तर हायड्राला फोन.