गॅरेथ जोन्सच्या वह्या वापरताना या चुका टाळा

युक्रेनमधल्या 1933 च्या दुष्काळाची साक्ष देणारा पत्रकार गॅरेथ जोन्स याच्यावरचा लेख तपासायला आला की मी आधी फोटोंखालच्या ओळी वाचतो, मजकुराकडे नंतर वळतो. चूक बहुतेक वेळा तिथेच सापडते. हाडांचा सापळा झालेली मुलं, रस्त्याच्या कडेला पडलेली प्रेतं, आणि खाली ओळ: ‘जोन्सनं 1933 साली टिपलेलं दृश्य’. त्या वर्षी दुष्काळी गावांतून केलेल्या पायपिटीत जोन्सनं जे टिपलं ते खिशातल्या वहीत, पेन्सिलीनं. हे फोटो त्याचे नाहीत.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जोन्स वेल्समधल्या बॅरी गावचा, जन्म 1905 चा. केंब्रिजला शिकला, रशियन, जर्मन, फ्रेंच उत्तम बोलायचा. ब्रिटनचे माजी पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांचा परराष्ट्र व्यवहारांचा सल्लागार होता. 1930, 1931 आणि 1933 असा तीनदा सोव्हिएत संघात गेला. मार्च 1933 मध्ये मॉस्कोहून युक्रेनमधल्या खारकिव्हकडे जाणारी गाडी त्यानं वाटेतच सोडली आणि बर्फातून गावोगाव चालत राहिला. भेटेल त्या शेतकऱ्याशी बोलला आणि ऐकलेलं लिहून घेतलं. घरच्यांनी जपलेले त्याचे कागद आज आबेरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्समध्ये आहेत आणि दैनंदिन्यांची पानं संगणकावर उघडून पाहता येतात. एवढी सोय असताना एकही पान न उघडता लिहिणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आता फोटोंचं. एका विशेषांकासाठी आलेल्या लेखात असाच फोटो होता. उघडी मुलं, मागे पानांनी भरलेली झाडं. जोन्स चालला तो मार्चमध्ये, सगळीकडे बर्फ असताना. संपादकांना हे सांगितलं तर उत्तर आलं, ‘दुष्काळ तर खराच होता ना? मग फोटो कुठलाही असेना!’ शोध घेतला तेव्हा तो व्होल्गाकाठच्या 1921-22 च्या दुष्काळातला निघाला. अंक छपाईला जायची घाई होती, फोटो बदलायला कुणी तयार नव्हतं. मी अडून बसलो. शेवटी फोटोच्या जागी नकाशा गेला.

अडून बसण्याचं कारण आहे. 1935 साली अमेरिकेतल्या हर्स्टच्या वृत्तपत्रांनी टॉमस वॉकर या नावानं युक्रेनच्या दुष्काळाचे फोटो छापले. त्यात 1921 च्या दुष्काळातले जुने फोटो होते आणि हा वॉकर सांगितलेल्या काळात तिथे गेलाच नव्हता. लुई फिशर या पत्रकारानं ते उघड केलं. पुढे कित्येक वर्षं ‘फोटो खोटे, म्हणून दुष्काळही खोटा’ असा युक्तिवाद चालवला गेला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला जोन्सचे लेखही हर्स्टच्याच पत्रांत आले होते, म्हणजे त्याची खरी साक्ष आणि ती बनावट चित्रं एकाच छापखान्यातून बाहेर पडली. लाखो माणसं उपाशी मेली, आणि त्यांच्या बाजूनं बोलणाऱ्या कागदांवर संशय घ्यायला एक चुकीची ओळ पुरली. 1933 चे खरे फोटो हवे असतील तर ते आहेत. ऑस्ट्रियन अभियंता अलेक्झांडर विनरबर्गर यांनी खारकिव्हच्या रस्त्यांवर काढले. ते वापरा, पण त्यांच्याच नावानं.

दुसरी चूक इतकी ढोबळ दिसत नाही, पण मला ती जास्त खुपते. वही, घरी पाठवलेलं पत्र, पत्रकारांसमोरचं निवेदन आणि छापून आलेला लेख, हे चारही एकाच टोपलीत टाकून ‘जोन्स म्हणतो’ असं लिहायचं. ‘भाकरी नाही, आम्ही मरतोय’ हा आक्रोश सगळीकडे ऐकल्याचं वाक्य कायम ‘दैनंदिनीतून’ म्हणून येतं. ते 29 मार्च 1933 ला बर्लिनमध्ये केलेल्या निवेदनातलं आहे. आपण गावांतून आणि बारा सामूहिक शेतांवरून चालत गेलो, हेही तिथलंच. निवेदन खोटं नाही, पण ते सीमा ओलांडल्यावर, जगाला सांगण्यासाठी बांधलेलं आहे. वहीतली नोंद तुटक असते. कोण बोललं, गुरं किती उरली, असं काहीबाही. मी टिपणं काढताना चार प्रकारांसाठी चार रंगांचे कागद वापरतो. पद्धत म्हणून कुणाला शिकवण्यासारखं त्यात काही नाही, पण पांढऱ्या कागदावरचं वाक्य निळ्यावर चुकून जात नाही.

पत्र कुठून टाकलं हेही पाहा. सोव्हिएत टपाल तपासलं जायचं, त्यामुळे आतून लिहिलेली पत्रं सांभाळून लिहिलेली असत. ऑगस्ट 1930 मध्ये बर्लिनला पोहोचताच त्यानं आईवडिलांना लिहिलेलं पत्र पाहा, तिथे अन्नाचे हाल आणि दडपशाही सगळं मोकळेपणानं येतं. मॉस्कोच्या पत्रात काही नाही म्हणून ‘त्याला तेव्हा काही दिसलं नव्हतं’ असा निष्कर्ष काढणारे मी पाहिलेत. त्यांनी निदान पाकिटावरचा शिक्का तरी पाहावा.

तारखांची गफलत उत्साही नवशिक्यांकडून हमखास होते. वहीत ‘सुट्टीचा दिवस’ दिसला की तो रविवार धरायचा आणि त्यावरून पुढच्या नोंदींच्या तारखा बसवायच्या. सोव्हिएत संघात 1929 पासून पाच दिवसांचा आठवडा होता, आणि डिसेंबर 1931 पासून सहा दिवसांचा. 1933 च्या मार्चमध्ये सुट्टी 6, 12, 18, 24 आणि 30 तारखेला. म्हणजे 1931 च्या वहीचा हिशेब 1933 च्या वहीला चालत नाही. मी दोन्ही वर्षांची कॅलेंडरं हातानं आखून भिंतीला लावली आहेत.

गावांची नावंही तपासा. तेव्हा सोव्हिएत युक्रेनची राजधानी खारकिव्ह होती, कीव्हला ती 1934 मध्ये गेली. जोन्सच्या आईनं लग्नाआधी जिथे शिकवलं ते युझोव्का 1924 मध्ये स्तालिन आणि पुढे स्तालिनो झालं, आणि आज ते दोनेत्स्क आहे.

वहीतलं अक्षर लागलं नाही तर जागा कोरी सोडा. मजकूर इंग्रजीत, मध्येच रशियन किंवा जर्मन शब्द, तेही घाईत लिहिलेले. मोडी वाचताना हीच सवय लावतात. न लागलेला शब्द अंदाजानं भरला की पुढचं सगळं त्या अंदाजाला जुळवून वाचलं जातं. संगणकाकडून अक्षर वाचून घेऊन तसंच छापायला देणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, की आधी एक पूर्ण पान स्वतः उतरवून पाहा.

जोन्सवरच्या 2019 च्या ‘मिस्टर जोन्स’ या चित्रपटातले प्रसंग पुरावा म्हणून देऊ नका. त्यात त्याची लेखक जॉर्ज ऑर्वेलशी भेट होते, नकळत माणसाचं मांस खाण्याचा प्रसंग येतो. कागदपत्रांत दोन्हींना आधार नाही.

‘न्यूयॉर्क टाइम्स’चा मॉस्कोतला बातमीदार वॉल्टर ड्युरँटी यानं 31 मार्च 1933 ला जोन्सला खोटं पाडायचा प्रयत्न केला, हे खरं. पण ड्युरँटीचं पुलित्झर, म्हणजे पत्रकारितेचं पारितोषिक, त्याआधीचं, 1931 च्या वार्तांकनासाठी 1932 मध्ये मिळालेलं. दुष्काळ नाकारल्याबद्दल पुलित्झर मिळालं, असं लिहू नका. जोन्सनं 13 मे ला त्याच पत्रात उत्तर दिलं होतं, तेही सोबत द्या.

आणि मृत्यू. 12 ऑगस्ट 1935, तिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, इनर मंगोलियात जोन्सला पळवून नेणाऱ्या दरोडेखोरांनी त्याला मारलं. सोबतचा जर्मन पत्रकार हर्बर्ट म्युलर आधीच सुटला होता. यामागे सोव्हिएत हात असल्याचा संशय घेतला जातो, कारण त्यांना मोटार देणाऱ्या कंपनीचे धागे सोव्हिएत हेरखात्याशी जुळतात. लेखात तो संशय म्हणूनच यावा, आणि शीर्षकात तर अजिबात नको.