जुन्या आलिशान गाडीचा रंग आणि आतले लाकूडकाम: मुंबईच्या हवेत जीर्णोद्धार कसा करावा

रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडो किंवा जॅग्वार मार्क २ यांसारख्या गाडीचा रंग आणि आतले अक्रोडी लाकूडकाम मुंबईत पूर्ववत करायचे असेल, तर कारागीर शोधण्याआधी महिना ठरवावा. हवेत ८५ टक्के आर्द्रता असताना लाकूड साधारण १७ ते १८ टक्के ओलावा धरते आणि ६० टक्के आर्द्रतेत तेच प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास उतरते. त्यामुळे जुलैत चिकटवलेले विनिअर, म्हणजे वरचा लाकडाचा पातळ पापुद्रा, जानेवारीत आकसून सांध्यापाशी उकलण्याची शक्यता असते. रंगाचेही तसेच आहे. तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तेव्हा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते तो बिंदू, सुमारे २७ अंशांवर असतो, आणि पत्रा दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश तरी उबदार असावा हा रंगकामाचा नियम पावसाळ्यात पाळणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून भाग सुटे करणे, नोंदी ठेवणे आणि गंज शोधणे ही कामे पावसाळ्यात उरकावीत आणि लॅकरचे (लाकडावरच्या चकचकीत पारदर्शक लेपाचे) व रंगाचे हात नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात द्यावेत.

डॅशबोर्ड उतरवण्यापूर्वी बॅटरीची जोडणी काढावी. प्रत्येक वायरचे छायाचित्र घ्यावे आणि स्क्रू त्या त्या भागाच्या नावाच्या पिशवीत ठेवावेत. काही जुन्या गाड्यांत तापमानाच्या मीटरला मागून एक बारीक नळी जोडलेली असते. ती मुडपली तर मीटर निकामी होते, हे सुताराला आधीच बजावून सांगावे. लाकडी पट्ट्यांच्या मागच्या बाजूला जुने क्रमांक किंवा खुणा असल्यास त्या पुसू नयेत. अशा गाड्यांतल्या विनिअरची नक्षी बहुधा मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आरशातल्या प्रतिबिंबासारखी जुळवलेली असते, आणि एक पट्टी हरवली तर तशीच जुळणी पुन्हा मिळवणे फार कठीण जाते.

लाकडावरचा थर कोणता आहे हे न तपासता पॉलिश पेपर हाती घेऊ नये, आणि याच टप्प्यावर सर्वाधिक धीर धरावा. न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पाहावे. थर चिकट झाला तर ती लाख, म्हणजे फ्रेंच पॉलिश आहे. स्पिरिटने फरक पडला नाही आणि थिनरने मऊपणा आला तर सेल्युलोज लॅकर समजावे. दोन्हींनी काहीच झाले नाही तर पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचा कडक थर असण्याची शक्यता अधिक असते. थर केवळ निस्तेज असून त्याला तडे गेलेले नसतील, तर तो काढूच नये. २००० नंबरच्या वॉटर पेपरने अगदी हलका हात फिरवून बारीक कंपाउंडने (घासून चकाकी आणणाऱ्या लेपाने) पृष्ठभाग उजळावा. उन्हाने तडे गेले असतील तर मात्र थर पूर्ण काढावा लागतो. त्यासाठी पेंट रिमूव्हर मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, थोड्या थोड्या भागावर वापरावा आणि सुटलेला थर बोथट पट्टीने उचलावा. विनिअरची जाडी १ मिलिमीटरहूनही कमी असते, म्हणून यंत्राचा सँडर येथे वर्ज्य मानावा. फर्निचरच्या दुकानातला कारागीर सवयीने यंत्र लावतो, तेव्हा पहिल्या दिवशी आपण स्वतः शेजारी उभे राहणे मला आवश्यक वाटते.

जुने विनिअर सरसाने (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या गोंदाने) चिकटवलेले असेल, तर उचललेल्या कडेवर ओलसर फडके ठेवून वरून कोमट इस्त्री फिरवावी. सरस पुन्हा मऊ होतो आणि लाकडी ठोकळ्याखाली रात्रभर दाबून ठेवल्यास कड बसते. तुटलेल्या जागी ठिगळ लावताना सरळ कापू नये. नक्षीच्या वळणाने कापल्यास सांधा नजरेत भरत नाही. उन्हाने फिकट झालेल्या लाकडाला आधी रंगछटा द्यावी, छिद्रे भरावीत आणि मग लॅकरचे पातळ हात द्यावेत. सेल्युलोजचे ८ ते १० हात लागू शकतात. प्रत्येक दोन-तीन हातांनंतर ४०० नंबरच्या पेपरने पृष्ठभाग सपाट करावा आणि शेवटच्या हातानंतर किमान दोन आठवडे थांबूनच अंतिम पॉलिश करावे.

रंगाकडे वळताना पहिला प्रश्न हा असावा की मूळ रंग वाचवता येतो का. पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन घासावे. फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर वेगळा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, नाही. त्यानंतर जाडी मोजणाऱ्या मीटरने प्रत्येक भाग तपासावा. कारखान्यातला रंग बहुधा १०० ते १५० मायक्रॉन भरतो. आकडा त्याच्या कितीतरी पट आला तर खाली लांबी (खड्डे भरण्याची पुट्टी) भरलेली आहे असे समजावे. चुंबकाच्या चाचणीवर मात्र विसंबू नये, कारण सिल्व्हर शॅडोचे दरवाजे, बॉनेट आणि डिकीचे झाकण ॲल्युमिनियमचे आहे आणि तेथे लांबी नसली तरी चुंबक चिकटणार नाही. मीटरही दोन्ही धातूंवर चालणारे घ्यावे.

रंग वाचण्याजोगा असेल तर धुऊन, रुतलेली घाण उचलणारी चिकणमातीसारखी क्ले फिरवून, कडांवर मास्किंग टेप लावून सर्वांत सौम्य कंपाउंडने सुरुवात करावी. कडांवर रंग सर्वांत पातळ असतो. समुद्राकाठच्या गाड्यांत दरवाज्याच्या खालच्या कडेला आणि चाकांच्या कमानीत फुगे दिसतात. तेथे पॉलिशचा उपयोग नाही. जेथे फुगा आहे तेथे उघड्या धातूपर्यंत जावे, गंज पूर्ण काढावा आणि प्रथम इपॉक्सी प्रायमर मारावा. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे न घासता पाण्यानेच घासावे.

नवा रंग देण्यापूर्वी जुन्यावर थिनरचे फडके ठेवून पाहावे. तो सुरकुतला तर पूर्वी कुणीतरी सिंथेटिक इनॅमल मारलेले आहे, आणि त्यावर सेल्युलोज चालणार नाही. सेल्युलोज दमट हवेत मारले की थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प साचते आणि रंगावर पांढरट धूसरपणा येतो. अशा वेळी मंद गतीने उडणारा रिटार्डर मिसळावा. दोन घटकांच्या रंगातील हार्डनरमध्ये (रंग कडक करणाऱ्या घटकात) आयसोसायनेट असते, ज्यामुळे दमा जडू शकतो. ते काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये कधीही करू नये. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा असलेल्या रंगकामाच्या बूथमध्येच करवून घ्यावे.

लाकडी पट्ट्या परत बसवताना स्क्रू घट्ट आवळू नयेत, कारण पहिल्या पावसाळ्यात लाकूड थोडे फुगणारच आहे. नव्या रंगावर महिनाभर मेण लावू नये, आणि गाडीवर प्लास्टिकचे कव्हर न घालता हवा खेळू देणारे सुती कव्हर घालावे.