तालमीला निघताना: आधी वही, मग बाकीचं

संगीत घेऊन बी.ए. करताय आणि बाहेर गुरूंकडे शिकायला जाताय, त्यांच्यासाठी हे. आमच्या कॉलेजात बाहेरच्या तालमीचे तास धरतात, पण वहीत गुरूंची सही असेल तरच. तारीख, वेळ, काय शिकलो आणि सही. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास, त्यामुळे तास मोजून घेतात. मागच्या सेमिस्टरला मी ‘पुढच्या वेळी एकदम घेऊ’ म्हणत अकरा तालमींच्या सह्या राहू दिल्या. ऐन परीक्षेच्या तोंडावर ताई, म्हणजे माझ्या गुरू, मुलीकडे परदेशी गेल्या. फीच्या यूपीआय नोंदी दाखवल्या, रेकॉर्डिंग ऐकवायची तयारी दाखवली, ताईंचा मेसेजही दाखवला. ऑफिसातल्या बाईंनी वही मिटून हातात दिली.

तर वही पिशवीत घाला. आत्ता, वाचता वाचता. सोबत पेन. ताईंच्या पेटीवर कायम पेन्सिलच असते आणि पेन्सिलची सही चालत नाही.

पाणी, रुमाल वगैरे सांगत बसत नाही. तानपुऱ्याचं ॲप आणि रेकॉर्डिंग दोन्ही एकाच फोनवर असेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन आलापात सिलिंडरवाला विचारतो, ‘घरी कोण आहे का?’ रेकॉर्डिंगची परवानगी दर वेळी विचारायची. एकदा ‘हो’ म्हणाल्या म्हणजे जन्मभराचा परवाना मिळाला असं नसतं.

साथीला तबलजी येणार असतील तर पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला ‘सा’ धरून गाणार ते, आदल्या दिवशीच कळवा. ते काळी चारचा (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा) तबला घेऊन आले आणि सर्दीमुळे तुम्ही काळी दोनवर उतरलात, तर तबला तेवढा उतरवता येत नाही. पुडी (तबल्यावरचं कातडं) सैल पडते, आवाज बसतो आणि अर्धा तास ठोकाठोकीत जातो. त्या अर्ध्या तासाची फी तुमचीच.

बंदिशीची वही वेगळी ठेवा, आणि पहिल्या पानावर स्वर लिहायची लिपी कुठली ते लिहा. कॉलेजात भातखंडे, आमच्या ताई पलुस्कर पद्धतीच्या. भातखंड्यांत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक, पलुस्करांत तेच टिंब म्हणजे मंद्र (खालचं). मी यमन रागाची एक बंदिश ताईंच्या वहीतून उतरवून घेतली आणि कॉलेजात मंद्र नीच्या जागी तार नी गाऊन दाखवला. हसले सगळे. पण हसण्यावारी तरी गेलं, सहीचं तसं झालं नाही.

निघण्याचं म्हणाल तर ठाण्याहून वाशीला ट्रान्स हार्बरने अर्ध्या तासाच्या आसपास. संध्याकाळी ऐरोली, घणसोलीला ऑफिसं सुटलेली असतात, तेव्हा वाद्य बरोबर असेल तर एक गाडी आधीची धरा. धापा टाकत पोचून लगेच षड्ज लावू नका, पाच मिनिटं गप्प बसा. मागच्या वेळचा पाठ गाडीत नुसता ऐका. गुणगुणू नका, शेजारचे बघतात.

तालीम संपली. ताई चहा टाकायला उठल्या की वही उघडून पेटीवर ठेवायची, वर पेन. चहा पिताना ऐकलेल्या घराण्याच्या गोष्टीत सही विसरते, माझ्या अकराच्या अकरा तशाच राहिल्या. मागायला संकोच वाटतो, मान्य. ‘ताई, कॉलेजवाल्यांना लागते हो’ एवढं पुरतं. त्यांना राग येत नाही.

घरी आल्यावर रेकॉर्डिंगला तारखेचं नाव द्या, बंदिश त्याच रात्री नीट लिहून काढा, फी द्या. वहीच्या पानाचा फोटो काढा. सही आहे ना त्यात? आणि सहीखाली तारीख?