बिझनेस लॉ पाठ करत बसू नका, अकाऊंट्सची वही शेजारी ठेवून वाचा

बीकॉमच्या नाहीतर सीए फाउंडेशनच्या (सीए व्हायची पहिली परीक्षा) कुठल्याही पोराला झोपेतनं उठवून विचारा की पार्टनरशिप डीड, म्हणजे भागीदारीचा लेखी करार, नसेल तर काय, तो धडाधड सांगेल, नफा सारखा वाटायचा, पगार नाही, कॅपिटलवर व्याज नाही, पार्टनरने वरून लोन दिलं असेल तर त्यावर ६ टक्के. मग त्यालाच विचारा की इंडियन पार्टनरशिप ॲक्ट १९३२ चं कलम १३ काय आहे, तर गप्प. अरे हेच आहे ना ते! जे अकाऊंट्सच्या पहिल्या गणितात रोज वापरता तेच लॉच्या पुस्तकात आलं की अनोळखी वाटतं, कारण दोन्ही विषय दोन वेगळ्या दिवशी दोन वेगळ्या वह्यांत शिकतो आपण.

मी नाशिकला शरणपूर रोडवर एका सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप, म्हणजे सीएची प्रॅक्टिकल ट्रेनिंग, करते आणि शनिवारी संध्याकाळी चार-पाच ज्युनिअर्सना लॉ शिकवते, सगळ्यांची तक्रार एकच, ताई लॉ लक्षातच राहत नाही. माझंही तसंच होतं, पहिल्या मॉकला अकाऊंट्सला ७८ आणि लॉला ३४. फाउंडेशनला लॉचा पेपर १०० मार्कांचा, सगळा लिहायचा, प्रत्येक पेपरला कमीत कमी ४० आणि एकूण ५० टक्के लागतात, म्हणजे लॉने खाली ओढलं की बाकीची मेहनत पाण्यात. म्हणून मला जे उपयोगी पडलं ते सांगते.

पहिलं काम, एक मोठी वही घ्या, डाव्या पानावर अकाऊंट्सचा चॅप्टर आणि उजव्या पानावर त्याच्या मागचं कलम. फर्म बंद झाली, रिअलायझेशन अकाऊंट (मालमत्ता विकून देणी भागवायचा हिशोब) केलं, पैसे कुणाला आधी? बाहेरचे देणेकरी, मग पार्टनरचं लोन, मग कॅपिटल, उरलं तर नफ्याच्या प्रमाणात. हा क्रम पार्टनरशिप ॲक्टच्या कलम ४८ मध्ये लिहिलाय, सरांनी ठरवलेला नाही. बिल्स ऑफ एक्सचेंजमध्ये, म्हणजे ठरल्या तारखेला पैसे द्यायच्या लेखी हुंडीत, तीन दिवस ग्रेसचे (जादा सवलतीचे) धरता, ते निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट १८८१ चं कलम २२. १२ मेचं तीन महिन्यांचं बिल असेल तर १२ ऑगस्ट, अधिक तीन दिवस म्हणजे १५ ऑगस्ट, त्या दिवशी सुट्टी, मग कलम २५ सांगतं की आदल्या कामाच्या दिवशी धरा, म्हणजे १४ ऑगस्ट. बिझनेस एंटिटी कन्सेप्ट तुम्ही अकरावीत शिकलात, कंपनीच्या बाबतीत तीच गोष्ट कोर्टाने १८९७ च्या सालोमनच्या केसमध्ये पक्की केली, मालक वेगळा, कंपनी वेगळी.

आणि सेल ऑन ॲप्रूव्हल, म्हणजे पसंत पडलं तर ठेवा नाहीतर परत करा. याला आपल्याकडे बाजारात जांगड म्हणतात. येवल्याच्या विणकराने नाशिकच्या दुकानात दहा पैठण्या जांगड पाठवल्या, ३१ मार्चला चार पडून आहेत आणि परत करायची मुदत अजून बाकी आहे, तर त्या कुणाच्या स्टॉकमध्ये? विणकराच्या, कारण सेल ऑफ गुड्स ॲक्ट १९३० च्या कलम २४ प्रमाणे दुकानदाराने पसंत आहे म्हणेपर्यंत, किंवा विकून-बिकून टाकेपर्यंत, किंवा काहीच न कळवता मुदत उलटून जाईपर्यंत मालकी विणकराचीच राहते. तुम्ही क्लोजिंग स्टॉकची जी ॲडजस्टमेंट करता ती या एका कलमामुळे करता. हे असं जोडलं की कलम नंबर आपोआप डोक्यात बसतो.

वाचायचं कुठून? कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट १८७२ पासूनच, दुसऱ्या कशालाही हात लावू नका. कारण सुरुवातीला माल विक्रीचा भाग याच कायद्यात होता, कलम ७६ ते १२३, तो १९३० ला काढून वेगळा कायदा केला, आणि पार्टनरशिपचा भागही इथेच होता, २३९ ते २६६, तो १९३२ ला वेगळा झाला. म्हणजे बाकीचे दोन्ही याच घरातले आहेत. पहिली ७५ कलमं नीट झाली की पुढचं निम्म्या वेळात होतं, माझं तरी झालं. त्यातही व्हॉइड आणि व्हॉइडेबल यावर वेळ घाला, व्हॉइड म्हणजे कायद्याच्या नजरेत उभंच राहत नाही, आणि व्हॉइडेबल म्हणजे ज्याच्यावर जबरदस्ती झाली किंवा ज्याला फसवलं त्याच्या हातात असतं की पाळायचं की मोडायचं.

आता हे सगळं एकत्र कसं येतं ते माझ्या मामाच्या बागेवरनं सांगते, कारण मला सेल ऑफ गुड्स खरं तिथे कळला. मामाची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग. एका व्यापाऱ्याने बाग पाहिली, ४० रुपये किलोने सौदा केला, इसार म्हणून थोडे पैसे दिले, सगळं तोंडी. ठरलं असं की मामाने माल तोडून, कॅरेटमध्ये भरून, काट्यावर मोजून द्यायचा. तीन गाड्या गेल्या, ६,००० किलो, त्याचा २ लाख ४० हजारांचा चेक मिळाला. चौथ्या गाडीच्या आदल्या रात्री अवकाळी पाऊस, सकाळी बागेत गेलो तर मणी तडकलेले, घडातनं रस गळत होता आणि माश्या बसलेल्या. व्यापारी म्हणाला मी आता घेत नाही. मामी म्हणत होती सौदा अख्ख्या बागेचा झालाय, पैसे त्यानेच द्यायला पाहिजेत, आणि मलाही मनातनं तेच वाटत होतं.

पण सेल ऑफ गुड्स ॲक्टची कलमं लावून बघा. तोंडी सौदा चालतो का, तर चालतो, लेखी नसला तरी करार होतो, फक्त सिद्ध करणं अवघड जातं. वेलीवरची द्राक्षं 'गुड्स' आहेत का, तर आहेत, कलम २(७) मध्ये उभं पीक आणि करारानुसार तोडून द्यायच्या वस्तू येतात. मालकी गेली का? कलम २१ आणि २२ म्हणतात की माल देण्याच्या स्थितीत आणायचं किंवा मोजायचं काम विकणाऱ्याकडे बाकी असेल तर ते पूर्ण होऊन घेणाऱ्याला कळेपर्यंत मालकी जात नाही. वेलीवरचा माल ना तोडला ना मोजला, म्हणजे मालकी मामाची, आणि कलम २६ प्रमाणे वेगळं काही ठरलं नसेल तर जिथे मालकी तिथे जोखीम. कुणाचीही चूक नसताना माल सौद्यात ठरला तसा राहिलाच नाही की कलम ८ प्रमाणे तेवढा करारच संपतो. वाईट वाटलं, पण कायदा तसा आहे. तीन गाड्यांचं मात्र उलट, त्या मोजून ताब्यात दिल्या, मालकी गेली, पैसे देणं भागच. मामाच्या वहीत विक्रीची एंट्री पण तीन गाड्यांचीच येणार, चौथीची नाही, बघा पुन्हा अकाऊंट्स आणि लॉ एकाच ओळीत आले.

तो चेक परत आला, खात्यात पैसे नव्हते. व्यापारी 'पुढच्या सोमवारी टाका' म्हणत राहिला आणि मामा भिडस्त, वाट बघत बसला. इथे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ च्या तारखा बोटावर पाहिजेत: बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला १५ दिवस, तरी दिले नाहीत तर त्यापुढे एक महिन्यात कोर्टात तक्रार. मामाचे ३० दिवस उलटून गेले होते. नशीब की चेकची तीन महिन्यांची मुदत बाकी होती, त्यामुळे तो परत बँकेत टाकता आला, परत बाउन्स झाला, आणि यावेळी नवव्या दिवशी वकिलाची नोटीस गेली. अर्धे पैसे पंधरा दिवसांच्या आत आले, बाकीचे तक्रार दाखल करायच्या आदल्या आठवड्यात. तुम्ही पेपरात या तारखा उलटसुलट लिहिता तेव्हा दोन मार्क जातात, बागायतदाराचं वर्षाचं पीक जातं. म्हणून त्या पक्क्या करा.

आता उत्तर लिहायचं. सगळ्यात जास्त मार्क इथे जातात, येत असून जातात. प्रश्न समजा असा, १७ वर्षांच्या मुलाने वय खोटं सांगून ५०,००० रुपये उसने घेतले, सावकार वसूल करू शकतो का. बहुतेक जण लिहितात की त्याने फसवलं म्हणून द्यावे लागतील. हे मनाचं उत्तर झालं. आधी तरतूद लिहा, कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम ११ प्रमाणे अज्ञान (म्हणजे १८ वर्षांखालची) व्यक्ती करार करू शकत नाही आणि मोहोरी बिबी विरुद्ध धर्मदास घोष या १९०३ च्या केसमध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टाने, असा करार मुळातच व्हॉइड ठरवला. नवीन परिच्छेदात प्रश्नातली माणसं आणि आकडे घेऊन ती तरतूद लावा, की इथे मुलगा १७ चा आहे, वय खोटं सांगितलं म्हणून तो करारात बांधला जात नाही. मग एका ओळीत निकाल, सावकार कराराच्या आधारे वसूल करू शकत नाही. कलम नंबर नक्की आठवत नसेल तर चुकीचा टाकू नका, नुसती तरतूद लिहा.

मराठी मीडियमच्या मुलांसाठी एक, सीएचा पेपर इंग्रजीत नाहीतर हिंदीत लिहावा लागतो, तर समजून मराठीतच घ्या, घरी आईला मराठीत समजावून सांगा, पण कन्सिडरेशन, फ्री कन्सेंट, अनपेड सेलर हे शब्द पहिल्या दिवसापासून आहेत तसेच वापरा. आणि रोज एक तरी उत्तर हाताने लिहून काढा, वाचून येत नाही हे.

सरावाला एक देते. लासलगावला कांद्याचा लिलाव झाला, बोली सुटली, ट्रॅक्टर व्यापाऱ्याच्या खळ्यावर गेला, तिथे माल ओतल्यावर व्यापारी म्हणतो खालचा कांदा हलका आहे, क्विंटलमागे २०० कमी देईन. सेल ऑफ गुड्स ॲक्टचं कलम ६४ काढा आणि बघा लिलावात विक्री कोणत्या क्षणी पूर्ण होते, मग कलम १७ मध्ये नमुना दाखवून केलेल्या विक्रीबद्दल काय म्हटलंय ते वाचा, आणि शेतकऱ्याच्या बाजूने एक, व्यापाऱ्याच्या बाजूने एक अशी दोन उत्तरं लिहा, प्रत्येकी एक पान.