चाकणला इंटरव्ह्यू आहे? मग आठवडाभर आधी एवढं करा

मेकॅनिकल डिप्लोमा करून क्वालिटी किंवा प्रॉडक्शनच्या पहिल्या नोकरीला निघालेल्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. मी टेबलाच्या पलीकडे बसतो, म्हणून काय बघितलं जातं ते माहीत आहे.

फोन आला की आधी पत्ता नीट विचारा. महाळुंगे दोन आहेत: एक बालेवाडीला लागून, दुसरं खेड तालुक्यात, चाकणजवळ. कारखाने या दुसऱ्यात. दर भरतीला एखादा जण पहिल्यात उतरतो आणि फोन करतो, 'सर, इथं तर नुसते टॉवर दिसतायत.' गट नंबर, जवळचा फाटा आणि कुठलं गेट, हे तिन्ही कागदावर लिहून घ्या. भोसरी सोडल्यावर सकाळचा नाशिक रस्ता मोकळा मिळेल या भरवशावर राहू नका; दहाची वेळ असेल तर नऊला गेटवर हजर. लातूर-नांदेडकडून येणाऱ्यांनी आदल्या दिवशीच मित्राच्या खोलीवर येऊन पडावं. रात्रभर गाडीत ताटकळून आलेला चेहरा समोर बसला की आम्हालाच वाईट वाटतं. गेटवर आधार बघतात, रजिस्टरला नाव लिहून घेतात, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात नाहीतर मोबाइलच ठेवून घेतात. त्यामुळे बायोडेटा आणि मार्कशीट फक्त मोबाइलमध्ये असतील तर त्यांचा उपयोग शून्य.

फाइल आदल्या रात्री लावून ठेवा: दहावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, सहाही सेमिस्टरच्या मार्कशीट, आधार, पॅन, पासबुकाची झेरॉक्स, फोटो. आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का ते आजच तपासा, पुढे पीएफच्या वेळी हाच घोळ महिनोन् महिने निस्तरावा लागतो. आधी कुठे काम केलं असेल आणि पीएफ कापला गेला असेल तर 12 आकडी यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, लिहून ठेवा. ओरिजनल दाखवायचे आणि परत घ्यायचे, कुणाकडेही ठेवायचे नाहीत. आणि गणवेशाचं डिपॉझिट, नोंदणी फी असल्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर तिथूनच मागे फिरा.

आता खरी तयारी. आमच्या टेबलावर एक व्हर्नियर, म्हणजे जबड्यात धरून बारीक माप घ्यायचं साधन, असतो आणि लाइनवरून उचललेला एखादा तुकडा. लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, किती विचारलं तर 0.02 मिलिमीटर हे उत्तर बहुतेकांच्या तोंडावर असतं. 'मग मोजा' म्हटलं की पंचाईत होते. जबडे पुसले का, शून्य जुळतंय का ते बघितलं का, तुकडा तिरका धरला का, हे मी बघत असतो, रीडिंग त्यानंतर. तेव्हा पाठांतर बाजूला ठेवून कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जा, सरांना विनंती करून व्हर्नियर आणि मायक्रोमीटर तासभर हातात घ्या. ते जमत नसेल तर ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून 6204 नंबरचं बेअरिंग मागून आणा, व्हर्नियर उसना घ्या आणि मोजा. आतून 20, बाहेरून 47, जाडी 14 मिलिमीटर यायला हवी. नाही आली तर चूक बेअरिंगची नसते. मायक्रोमीटर फिरवताना शेवटी रॅचेटच, म्हणजे टोकाची टकटक करणारी छोटी मूठच, वापरा. ते सोडून थिंबल, म्हणजे फिरणारी मोठी नळी, आवळणारा उमेदवार लगेच ओळखू येतो.

दुसरा हमखास प्रश्न गेजचा. ड्रॉइंगवर 25 एच7 चं (एच7 म्हणजे किती फरक चालेल त्याची खूण) भोक आहे, म्हणजे ते 25.000 ते 25.021 मिलिमीटरच्या मध्ये हवं. प्लग गेजची, म्हणजे भोक तपासायच्या दोन टोकांच्या दांड्याची, गो बाजू गेली पाहिजे, नो-गो जाता कामा नये, इथपर्यंत सगळे येतात. मी पुढचं विचारतो: गो गेलीच नाही तर तुकड्याचं काय करायचं, आणि नो-गो आत गेली तर काय? पहिल्यात भोक लहान आहे, अजून मटेरियल काढता येतं, रीवर्क होऊ शकतो. दुसऱ्यात भोक मोठं झालंय, काढलेलं मटेरियल परत चिकटवता येत नाही, तुकडा बहुधा भंगारात. हे ज्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं त्याला बाकीचे चार प्रश्न मी विचारतही नाही. फाइव्ह एसचे, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या पाच नियमांचे, जपानी शब्द घोकण्यापेक्षा कॉलेजच्या वर्कशॉपमधलं एक उदाहरण तयार ठेवा.

प्रोजेक्टबद्दल थोडं स्पष्टच बोलतो. तो तयार विकत मिळतो हे आम्हाला माहीत आहे, आम्हीही डिप्लोमाच केलाय. अडचण विकत घेण्यात नाही, शाफ्टचा व्यास किती, वेल्डिंग कुणी केलं, मोटर किती एचपीची, खर्च किती आला, यावर गप्प बसण्यात आहे. विकत घेतला असेल तर तसं सांगा आणि निदान तो उघडून, समजून घेऊन या. चौघांच्या ग्रुपमध्ये तुमच्या वाट्याला काय होतं तेवढंच बोला. 'आम्ही केलं, आम्ही केलं' ऐकून काहीच कळत नाही. वाय.डी. (इयर डाउन, म्हणजे वर्ष वाया गेलेलं) पडलेला असेल तर लपवू नका, मार्कशीटवर दिसतोच. एका वाक्यात कारण सांगा आणि पुढे चला.

'स्वतःबद्दल सांगा' याला पाठ केलेलं इंग्रजी तिसऱ्या वाक्याला अडखळतं. मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळून बोललात तरी चालतं, लाइनवर तसंच बोलतात. नाइट शिफ्ट जमेल का, हे मात्र घरी विचारून या. तिथे हो म्हणून आठ दिवसांनी सोडून जाणाऱ्यांमुळे पुढच्या पोरांचं नुकसान होतं.

पगाराचा विषय लाजून सोडू नका. आधी विचारा, रोल कुणाचा, म्हणजे नाव कुणाच्या पटावर लागणार: कंपनीचा, कंत्राटदाराचा की अप्रेंटिस? अप्रेंटिसला पीएफ नसतो आणि मुदत संपल्यावर कामावर घेण्याचं बंधनही सहसा नसतं. ते वाईट नाही, पण माहीत असावं. मग सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च, आणि हातात येणारी रक्कम वेगळी करून विचारा. समजा वर्षाला 2,40,000 सांगितले, म्हणजे महिन्याला 20,000, त्यात बेसिक 12,000. कंपनीच्या वाट्याचा 12 टक्के पीएफ म्हणजे 1,440 बहुतेकदा त्याच 20,000 मध्ये धरलेला असतो, ग्रॅच्युइटीचे साधारण 577 आणि कंपनीच्या वाट्याचा ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा हप्ताही. वर तुमचा पीएफ 1,440, तुमचा ईएसआय, व्यवसाय कर 200. हातात साडेपंधरा हजारांच्या आसपास उरतात. मुलींना 25,000 पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, तेव्हा तेवढे 200 वाचतात. खोलीचं भाडं आणि मेस याच आकड्यातून वजा करा, सीटीसीतून नाही. कंपनीची बस आणि कँटीन आहे का, हेही विचारा. चाकणात त्याने महिन्याचं गणित फिरतं.

कपड्यांबद्दल एवढंच: इस्त्रीचा शर्ट, बंद बूट. शॉप फ्लोअर दाखवायला नेलं तर चप्पल घातलेल्याला बाहेर थांबावं लागतं. आत गेलात तर पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चाला आणि मशीनला हात लावू नका.

बाहेर पडल्यावर फाट्यावर चहा घेता घेता विचारलेले सगळे प्रश्न वहीत उतरवून काढा, न आलेले आधी. निघोजे, खराबवाडी, वासुली, कुठेही गेलात तरी व्हर्नियर तोच असतो, आणि गुरुवारी दुसऱ्या कंपनीत बहुधा हेच विचारणार आहेत.