शिंपल्याची वाढ त्याच्या कवचावरून कशी वाचावी

खेकडा वाढताना जुने कवच टाकून नवे धारण करतो. शिंपल्याचे कवच मात्र आयुष्यभर तेच राहते आणि कडेकडेने वाढत जाते. त्यामुळे त्याचे बालपणही कवचावर टिकून असते. ते पाहण्यासाठी रिकामे, स्वच्छ धुतलेले कवच, एक भिंग आणि थोडे व्हिनेगर पुरेसे आहे.

प्रथम बिजागरीजवळचे चोचीसारखे टोक शोधावे. कवचाचा सर्वांत जुना भाग तोच. तेथून बाहेरच्या कडेकडे बोट फिरवल्यास कडेला समांतर रेषा लागतात: रेषांमधले अंतर मोठे असेल तेथे वाढ वेगाने झाली, त्या दाटल्या असतील तेथे मंदावली. मात्र एक रेषा म्हणजे एक वर्ष असे धरण्याची घाई करू नये, कारण थंडी, अन्नाची टंचाई किंवा वादळ यांनीही रेषा उमटतात. आइसलँडजवळ २००६ मध्ये मिळालेल्या एका शिंपल्याचे वय तज्ज्ञांनी आधी सुमारे ४०० वर्षे मानले होते. फेरमोजणीनंतर ते ५०७ ठरले.

आता कवच उलटे करावे. आतून कडेला समांतर गेलेली पुसट रेषा दिसते. प्रावार नावाचा मऊ पडदा तेथे कवचाला चिकटलेला होता. कवच घडवणारा कारागीर हाच पडदा. तो आणि कवच यांच्यामधल्या अतिपातळ द्रवात कॅल्शियम व कार्बोनेट एकत्र येऊन प्रथिनांच्या जाळीवर स्फटिक जमतात. कडेला भर पडली की कवच लांबते, आतल्या पृष्ठभागावर पडली की जाड होते. आतली इंद्रधनुषी झाक हा रंग नव्हेच. मौक्तिक थरातील चकत्या जेमतेम अर्धा मायक्रोमीटर जाडीच्या असल्याने प्रकाशाचा तो खेळ असतो.

शेवटी आतल्या बाजूवर व्हिनेगरचा थेंब टाकावा. कॅल्शियम कार्बोनेटमुळे लगेच बुडबुडे येतात. काळपट साल शाबूत असलेल्या बाहेरच्या भागावर मात्र ते येत नाहीत किंवा फार उशिरा येतात, कारण ही प्रथिनांची साल खालच्या चुन्याचे रक्षण करते. चोचीजवळ ती झिजलेली असते, म्हणून जुने शिंपले तेथे पांढरे पडतात.

शंख वाचतानाही हाच नियम लावावा, फक्त सुरुवात शिखरापासून करावी, कारण नवी भर तोंडाच्या कडेला पडते आणि ती एका बाजूला अधिक पडल्याने वेटोळे होते. जमिनीवरच्या अनेक गोगलगायींच्या शंखाचे ओठ जाड होऊन बाहेर वळलेले दिसले, तर ती प्रौढ झाली होती असे समजावे.